तीन नंबरच्या पॅनेलचा रंग

माझं पोस्टिंग त्या जहाजावर आलं तेव्हा जहाज ड्राय डॉकमध्ये पोट फाडून पडलं होतं. मी चीफ पेटी ऑफिसर, गनरी म्हणजे तोफांच्या शाखेचा. लष्करातल्या नायब सुभेदाराच्या बरोबरीचा, एवढं समजलं तरी तुम्हाला पुरे. जहाजाचं नाव लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना न लिहिताही कळेल.

निवृत्त होऊन मी मुलुंडला राहतो. सोसायटीचे सेक्रेटरी दर सव्वीस जानेवारीच्या आधी दार वाजवतात. "साहेब, ती ड्रोनवाली गोष्ट सांगा ना. पोरं एकदम खूश होतील." मी दार लावून घेतो. पोरं खूश व्हावीत अशी ती गोष्ट नाही. आज लिहितोय तेही सोसायटीसाठी नाही. एका माणसानं मला हे लिहायला लावलं आहे आणि त्यानं बजावलं आहे तसंच लिहितो, वेळेसकट.

जहाज जुनं, सांगाडा मजबूत. त्याचं आधुनिकीकरण चाललं होतं. जुनी रडार काढून नवी बसवायची होती. जुन्या काळी हल्ला करणारं विमान मोठं असे, लांबून दिसे. आता पोराच्या खेळण्याएवढं ड्रोन पाण्याला लागून येतं. त्यासाठी नव्या रडारला चार बाजूंना चार पॅनेल होती, प्रत्येकाकडे आकाशाचा पाव हिस्सा. पॅनेलनं ड्रोन पकडायचं, ऑप्स रूममध्ये पडद्यावर दाखवायचं आणि तोफेला दिशा द्यायची. ऑप्स रूम म्हणजे जहाजाच्या पोटातली बिनखिडकीची खोली. लढाई तिथून चालते.

मी तेव्हा घाटकोपरच्या क्वार्टर्समध्ये राहत होतो. सकाळी पावणेसहाची बस, सातला हजेरी. अकरा महिने हेच चाललं. केबल ओढा, तपासा, परत काढा. डॉकयार्डचे कामगार, रडार बसवणाऱ्या कंपनीची माणसं आणि आम्ही, तिघांचं एकमेकांशी पटत नव्हतं. रोज एक तरी भांडण ठरलेलं असे आणि बहुतेक भांडणांत मी असे. मी गोड माणूस नाही, तेव्हाही नव्हतो.

माझ्या हाताखाली लीडिंग सीमन संदेश परब होता, विक्रोळीचा. लहानपणी खाडीतल्या खारफुटीत खेकडे पकडलेला पोरगा. त्याची नजर अशी की जेट्टीवरून बोटीच्या मागचा नंबर वाचायचा आणि आम्ही दुर्बीण लावून खात्री करायचो. मागच्या तोफेशेजारी, डेकवर, एक साइट होती. रडार चुकलं तर माणसानं डोळ्यांनी निशाणा धरायची जागा. परब तिथला. काम चोख, तोंड फटकळ. मला तो आवडायचा. हे मी त्याला कधी बोललो नाही.

आधुनिकीकरण पूर्ण झालं आणि मोठ्या साहेबांचं इन्स्पेक्शन ठरलं. नौदलात गंजाला औषध एकच, रंग. इन्स्पेक्शनलाही औषध तेच. पाहुणा येणार म्हटलं की जहाजावर हलत नाही त्या प्रत्येक गोष्टीवर करडा रंग चढतो. दोरखंडाच्या खुंट्या, नळ, जाळ्या. ग्रीस भरायची भोकंसुद्धा रंगानं बुजवलेली मी पाहिली आहेत. दिसायला साफ असलेलं जहाज लढायलाही चांगलं, अशी आमची समजूत असते. निम्म्या वेळा ती खरीही असते.

नवी पॅनेल मेणाच्या रंगाची होती. त्यांवर रंग चालत नाही. जहाजाच्या रंगात गंज रोखणारी धातूची भुकटी असते आणि रडारच्या लहरी तिथं अडतात. मी चारही पॅनेलवर कागद लावून वर लिहिलं होतं, रंग देऊ नये.

इन्स्पेक्शनच्या दिवशी सकाळी ०८१० वाजता एक्झिक्युटिव्ह ऑफिसर, म्हणजे कॅप्टनच्या खालोखालचे अधिकारी, डेकवर आले. आम्ही त्यांना एक्सओ म्हणत असू. ते हिंदीत बोलत, मी इथं मराठीत लिहितो.

"चीफ, तीन नंबरवरचा कागद काढा."

कागद काढला. पाहुण्यांचा मंडप जेट्टीवर होता आणि तिथून तीन नंबरचंच पॅनेल दिसत होतं. सगळं जहाज करडं आणि मधेच तो पिवळट चौकोन.

"हे कोड फुटल्यासारखं दिसतंय. रंग द्या."

"सर, त्यावर रंग चालत नाही."

"लेखी आहे?"

लेखी होतं, पॅनेलच्या पुस्तिकेत. पण ती पुस्तिका कंपनीच्या ताब्यात होती आणि कंपनी अंधेरीच्या एका औद्योगिक गाळ्यात. मी कंपनीच्या सबनीसला फोन लावला.

"अरे यार चीफ, आज इन्स्पेक्शन ना? मार एक पातळ हात. एवढ्यानं काय वाट नाही लागत. नंतर थिनरनं पुसून टाक. फक्त मी बोललो म्हणून सांगू नको हां."

०८२५. मी परबच्या हातात ब्रश दिला.

"चीफ, हा डोळा आहे," परब म्हणाला. "डोळ्यात काजळ घालतात, डांबर नाय."

"ऑर्डर आहे. लाव."

"कोणाची ऑर्डर?"

"माझी."

त्यानं लावला, एक हात, आणि सफाईनं लावला. इन्स्पेक्शन झकास झालं. मोठ्या साहेबांनी जहाजाच्या रूपाची तारीफ केली आणि एक्सओंनी माझ्याकडे बघून मान हलवली. माझा मास्टर चीफच्या बढतीचा कागद त्यांच्याच टेबलावर होता. मला मास्टर चीफ व्हायचं होतं. हे लपवण्यात आता अर्थ नाही.

रंग दुसऱ्या दिवशी काढायचा होता. दुसऱ्या दिवशी हुकूम आला, चार दिवसांत समुद्रावर. पश्चिमेकडे व्यापारी जहाजांवर ड्रोन येऊ लागले होते आणि आम्हाला त्यांच्या सोबतीला जायचं होतं. चार दिवसांत दारूगोळा, इंधन, शिधा. तीन नंबरच्या पॅनेलपर्यंत जायला शिडीचा पाळणा बांधावा लागे. परबनं दोनदा आठवण केली. मी दोनदा "बघू" म्हटलं.

निघाल्यावर दुसऱ्या दिवशी चाचणी झाली. एक छोटं रिमोटचं विमान जहाजाभोवती फिरवलं. तीन पॅनेलनी ते लांबून पकडलं. तिसऱ्यानं निम्म्या अंतरावर आल्यावर पकडलं. परबनं आमच्या कच्च्या वहीत नोंद केली, "पॅनेल ३. पल्ला निम्मा. रंग? चीफना सांगितलं." मी खाली लिहिलं, "हवा दमट. लक्ष ठेवा," आणि सही केली.

हवा दमट होती, खोटं नाही. पण ती चारही बाजूंना दमट होती.

वर कळवलं असतं तर रंग कोणी दिला हे निघालं असतं. कोणी द्यायला लावला हेही निघालं असतं आणि माझ्या कागदाचं काय झालं असतं ते मला दिसत होतं. समुद्र शांत होता. एका दुपारी पाळणा बांधून दीड तासात काम झालं असतं. सहा दुपारी गेल्या.

चाचणीनंतर सातव्या दिवशी आमच्या उजव्या बाजूला एक तेलवाहू जहाज चाललं होतं. मी ऑप्स रूममध्ये रडारच्या पडद्यासमोर होतो. कानाला हेडफोन, त्यावर मागच्या साइटची, म्हणजे आफ्ट साइटची, लाइन. ती लाइन फक्त परबची आणि माझी. तिचं रेकॉर्डिंग होत नसे. रेकॉर्डिंग रडारचं आणि वायरलेसचं होई.

काहीही ऐकलं की आधी घड्याळ बघायचं, ही माझी सवय. कन्सोलच्या काचेवर मेणपेन्सिलनं वेळ टिपायची, मग पुढचं.

१४३१ वाजून २२ सेकंद.

"ऑप्स, आफ्ट साइट. ग्रीन वन फोर झिरो. छोटं विमान, पाण्याला लागून. येतंय."

ग्रीन वन फोर झिरो म्हणजे उजवीकडे मागे. तीन नंबरचा हिस्सा. मी पडदा पाहिला. स्वच्छ होता.

"आफ्ट साइट, पडद्यावर काही नाही. पक्षी असेल. परत बघ."

"पक्षी पंख हलवतो, चीफ. हे हलवत नाय."

कॅप्टन माझ्यामागे पाच पावलांवर होते. मी त्यांना सांगितलं नाही. गनरीवाला खात्री झाल्याशिवाय बोलत नाही, असं आम्हाला शिकवलेलं. खात्री म्हणजे पडदा. पोराचे डोळे म्हणजे खात्री असं कुठल्याच पुस्तकात नव्हतं. मी पडद्याकडे बघत राहिलो.

"चीफ, येतंय. फायर मागा. चीफ!"

१४३१ वाजून ४४ सेकंद. पडद्यावर ठिपका उमटला, आणि इतका जवळ की मला आधी वाटलं रडारच बिघडलं.

"ट्रॅक! ग्रीन वन फोर झिरो, क्लोज!"

कॅप्टननी क्षण घालवला नाही. "एंगेज."

रडारला तोफ वळवायला वेळ उरला नव्हता. परबनं साइटवरून हातानं घेतली. त्यानं आधीपासूनच धरून ठेवलं होतं, म्हणून तर जमलं. १४३१ वाजून ५१ सेकंदांनी तोफ सुटली. ड्रोन फुटलं, पण इतकं जवळ फुटलं की त्याचा पेटता पुढचा भाग आला तसाच मागच्या डेकवर आदळला. साइट सोडून खाली लोळायला परबला तीन-चार सेकंद होते. तो शेवटपर्यंत फायर करत राहिला. तेलाच्या जहाजाला ओरखडाही आला नाही. आमची दोन माणसं भाजली, पुढे बरी झाली.

मी वर पोचलो तेव्हा परब शुद्धीत होता. मेडिकल असिस्टंट पोटावर पट्टी दाबून बसला होता. त्यानं माझ्याकडे बघून नकारार्थी मान हलवली. परब अकरा मिनिटं जगला. बरंचसं कळलं नाही. एक वाक्य कळलं.

"चीफ, तीन नंबरचा रंग तेवढा काढा."

जहाजासाठी म्हणाला तो. अजून मोहीम बाकी होती आणि आणखी ड्रोन येऊ शकत होते.

परतीचा हुकूम आला. दुसऱ्या दिवशी सकाळी एक्सओंनी बोलावलं. "चीफ, जेट्टीला लागेपर्यंत पॅनेल पुस्तिकेप्रमाणे असली पाहिजेत." बाकी काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. पाळणा बांधला आणि एकटा चढलो. थिनर, चिंध्या, दीड तास. परबनं सांगितलेलं काम मी केलं, पण त्यानं सांगितलं होतं त्या कारणासाठी नाही. काचेवरचा १४३१२२ हा आकडा मी आदल्या संध्याकाळीच बोटानं पुसला होता.

चौकशी बसली. पॅनेल तपासली, चारही उत्तम निघाली. मग उशीर का झाला? मला विचारलं, "आफ्ट साइटकडून सूचना कधी आली?"

"रडारवर दिसलं त्याच सुमारास, सर."

एवढं एकच वाक्य मी बोललो. त्यावरून अहवालात लिहिलं गेलं की डोळ्यांनी टेहळणी करणाऱ्या नाविकाकडून सूचना उशिरा मिळाली. त्याच्या शौर्याबद्दल पुढं चांगले शब्द होते. मला बढती मिळाली. एक्सओंचीही बदली चांगल्या जागी झाली. ते आज कुठं आहेत मला ठाऊक आहे, आणि हा कागद त्यांच्यापर्यंत पोचेल याची व्यवस्था मी केली आहे.

परबला विक्रोळीला आणलं तेव्हा सोबत मी होतो. त्याचे वडील तात्या, मूळचे मालवणकडचे. बावीस वर्षं गिरणीत, ती बंद पडल्यावर एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन. आईनं मला एकच विचारलं, शेवटी काय बोलला? मी म्हटलं, "तुमची आठवण काढली." अशा वेळी सगळे हेच सांगतात.

काही महिन्यांनी अहवालातला मजकूर त्यांच्यापर्यंत गेला. तात्यांचा फोन आला.

"चीफसायब, माझो झील उशिरा बोललो म्हणान लिवल्यानी हा. खरा ता?"

"तात्या, ते मनावर घेऊ नका. सरकारी भाषा असते."

त्यांनी फोन ठेवला.

मग मी निवृत्त झालो. गेल्या महिन्यात विक्रोळीहून एक जण मुलुंडला आला. मंगेश सावंत, तिथल्या मंडळाचा अध्यक्ष, संदेशचा शाळासोबती.

"चीफसाहेब, चौकाला संदेशचं नाव द्यायचं सगळं झालंय. परवानगी आली, बोर्ड बनला. पण तात्या नको बोलतात. तुम्ही या ना. तुमचं ऐकतील ते."

"का नको म्हणतात?"

"बोलतात, उशिरा इलल्याचा नाव चौकाक नको."

त्या रात्री जेवलो नाही. बायकोनं विचारलं तेव्हा तिच्यावर ओरडलो. नंतर तिला सगळं सांगितलं, पहिल्यांदाच. ती म्हणाली, "मग बसलायस काय इथं?"

रविवारी सकाळी दहाला विक्रोळीला गेलो. दहा बाय बाराची खोली. भिंतीवर संदेशचा फोटो, गणवेशातला. तात्या खाटेवर बसलेले, आईनं चहा आणून माझ्यासमोर स्टुलावर ठेवला. मी चहाला हात लावला नाही. इतकी वर्षं लपवून ठेवलेली कच्ची वही काढली, परबची नोंद आणि खालची माझी सही दाखवली. मग इथं लिहिलंय ते, एक गोष्ट सोडून, सगळं त्याच क्रमानं सांगितलं. वीस मिनिटं लागली.

तात्यांनी वही चष्म्याजवळ धरून वाचली. परत वाचली.

"गिरणीत बावीस वर्सां काढलंय. भोंग्याच्या आदी पाच मिन्टां गेटार. एक लेटमार्क नाय. घरात ह्यांच एक शिकवलंय, दुसऱ्या द्यावक काय नव्हता." ते भिंतीवरच्या फोटोकडे वळले. "चार वर्सां मी ह्या फोटोशी बोलूक नाय. माझ्या झिलाशी बोलूक नाय मी. आणि तुका म्हायत होता."

"हो."

"फोन केल्लंय तेवासुदा म्हायत होता."

"हो, तात्या."

"तात्या म्हणा नको माका."

ते उठले. माझ्यासमोरचा चहाचा कप उचलून त्यांनी मोरीत ओतला आणि तिथंच पाठमोरे उभे राहिले. कोकणातला माणूस वैऱ्यालाही घोटभर पाणी देतो. माझा ओतून टाकलेला चहा मला बरोबर वाटला.

"माझ्या झिलान उशीर करूक नाय," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "उशीर तू केलंस."

मी म्हटलं, "हो."

आईला एक गोष्ट सांगायची बाकी होती. ती सांगितली. शेवटचं वाक्य रंगाबद्दल होतं, बाकी मी जोडलं होतं.

"म्हंजे माझा नाव घेवक नाय त्यान?"

"नाही, आई."

ती पदर हातात धरून बसून राहिली. मग नवऱ्याच्या पाठीकडे बघत म्हणाली, "कामाचाच बोललो. बापाशीर गेलो." आणि तेव्हा ती रडली. तात्यांची पाठ हलत होती. मी जायला उठलो.

"थांब," तात्या म्हणाले. "ह्यां सगळा लिवन दी. टायमासकट. खाली तुझी सय. ता कागद तुमच्या नेव्हीत दी आणि एक माका हाडून दी. थंयसून उत्तर येवदे. मगे चौकाचा बघू."

हा तो कागद. इथपर्यंतची एक प्रत वहीसकट नौदलाच्या कार्यालयात दिली आहे. पोच मिळाली, उत्तर अजून नाही. मला काय शिक्षा होईल ते होवो. दुसरी प्रत उद्या विक्रोळीला नेऊन देईन. आत बोलावतील असं वाटत नाही. दारात देईन. बोर्ड मंडळाच्या खोलीत वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला आहे आणि तो लागेपर्यंत मी जाणार, येणार, विचारत राहणार.

तोवर निदान इथं तरी नोंद असू दे.

लीडिंग सीमन संदेश गणपत परब, राहणार विक्रोळी, वय एकोणतीस. ड्रोन सगळ्यांच्या आधी त्यानं पाहिलं आणि त्याच क्षणी कळवलं, १४३१ वाजून २२ सेकंदांनी. ऐकणारा मी होतो. तो वेळेवर होता.

खाली माझी सही.